‘बोर्ड गेला’ म्हणजे काय गेले?

आपल्याकडे वस्तू बिघडली म्हणजे ती ‘गेली’ असे म्हणण्याची चाल आहे. पंखा गेला, पंप गेला, मिक्सर गेला. आणि अलीकडे पेडणे-डिचोलीच्या बाजारांत वारंवार कानी पडते ते वाक्य म्हणजे ‘लॅपटॉपचा बोर्ड गेला’. हे वाक्य उच्चारले गेले की ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो, कारण त्यापुढचे वाक्य बहुधा रुपयांचे असते. परंतु बोर्ड गेला म्हणजे त्यातील नेमके काय गेले, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. ज्या हिरव्या किंवा काळ्या पाटीस मदरबोर्ड म्हणतात, तिच्यावर लहानमोठे हजाराच्या घरात भाग बसविलेले असतात. ते सारे एका रात्रीत एकदम मरत नाहीत. पुष्कळदा त्यांपैकी एकच भाग, आणि तोही उकड्या तांदळाच्या कणीएवढा, निकामी झालेला असतो. तो शोधावा कसा आणि बदलावा कसा, हे या लेखात सांगण्याचा आमचा विचार आहे.

आम्ही भाषेचे शिक्षक. विजेच्या शास्त्रात आमचा अधिकार तो काय, असे विद्यार्थी मनात म्हणतील. म्हणून प्रथमच सांगून टाकतो की, जे पुढे लिहिले आहे ते आम्ही एका जाणत्या कारागिराच्या टेबलाशी तीन दिवस बसून पाहिले, विचारले आणि टिपून घेतले. आणि आमच्या विज्ञान-शिक्षक सहकाऱ्यांनी ते वाचून पाहिले आहे.

गोव्यात संगणक घरात येण्यास फार काळ लोटलेला नाही. २००२ च्या सुमारास सुरू झालेल्या ‘सायबरएज’ योजनेने उच्च माध्यमिक वर्गांतील अनेक मुलांच्या घरी पहिला संगणक पोचविला. पुढे २०२० च्या मार्चात शाळा बंद झाल्या, आणि ज्या घरी लॅपटॉप नव्हता त्या घरीही कर्ज काढून, उसनवारी करून तो आला. आज त्या यंत्रांना वये झाली आहेत. त्यांत मुलांचा अभ्यास आहे, वडिलांचा हिशेब आहे, आजीचे छायाचित्र आहे. ती बंद पडू लागली आहेत, आणि म्हणून हा विषय केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही.

प्रथम वीज बोर्डावर कशी फिरते ते समजून घेऊ. आमच्या भागातील मुलांना ते सांगणे सोपे आहे. कारण तेरेखोल आणि शापोरा या नद्यांच्या काठची खाजन शेते त्यांनी पाहिली आहेत. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध असतो, बांधाला ‘मानस’ असते, आणि मानशीची दारे उघडमीट करून पाणी आत-बाहेर सोडले जाते. लॅपटॉपच्या बोर्डावरही असेच आहे. भिंतीतील २३० व्होल्टची वीज अ‍ॅडॉप्टर नावाच्या ठोकळ्यात शिरते आणि तेथून साधारण १९ व्होल्ट होऊन बाहेर पडते. ६५ वॅटच्या अ‍ॅडॉप्टरवर १९ व्होल्ट व ३.४२ अँपियर असे लिहिलेले आढळेल. दोहोंचा गुणाकार करून पाहावा. ही वीज बोर्डाच्या कडेला असलेल्या खोबणीतून आत येते. आत येताच तिला दोन दारे लागतात. ती दारे उघडावयाची की नाही हे ठरविणारा एक रखवालदार असतो. तोच बॅटरी भरण्याचेही काम पाहतो. दारे उघडली की १९ व्होल्टची वीज मुख्य पाटात येते. या मुख्य पाटातून मग ५ व्होल्ट, ३.३ व्होल्ट, स्मृतीसाठी सव्वा व्होल्टाच्या आसपास आणि प्रोसेसरसाठी १ व्होल्टाच्या आसपास, असे निरनिराळे लहान पाट काढलेले असतात.

ज्याला आम्ही दार म्हटले त्याचे नाव मॉसफेट. १९५९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मोहम्मद अताल्ला आणि डॉन कांग या दोघांनी तो प्रथम सिद्ध केला. त्याच्या तीन टोकांची इंग्रजी नावे सोर्स, ड्रेन आणि गेट अशी आहेत. म्हणजे उगम, निचरा आणि दार. नाव देणाऱ्यांनी मानस पाहिली नसणार, परंतु उपमा मात्र तीच सुचली. पाटाच्या काठाने काळ्या, चौकोनी, आठ पायांच्या ज्या चिपा दिसतात त्या बहुधा मॉसफेट असतात. त्यांच्या शेजारी करड्या रंगाचे जाड चौरस ठोकळे असतात, त्या कॉइल. आणि सर्वांभोवती मुंग्यांच्या रांगेसारखे दिसणारे तपकिरी रंगाचे बारीक तुकडे म्हणजे कपॅसिटर. पाठ्यपुस्तकात त्यास धारित्र म्हटले आहे. नाव योग्य आहे. पण बाजारात ते मागितल्यास दुकानदार तोंडाकडे पाहत राहील.

धारित्राचे काम पाणी साठविणाऱ्या लहान तळीचे. प्रवाहात चढउतार झाला तर तो ही तळी सांभाळून घेते. १७४५-४६ साली हॉलंडातील लायडेन शहरात काचेच्या बरणीत वीज साठविण्याचा जो प्रयोग झाला, त्याचेच हे वंशज. एवढ्याशा तुकड्यात चिनी मातीसारख्या पदार्थाचे आणि धातूचे शेकडो पापुद्रे एकावर एक रचलेले असतात. धातूचे पापुद्रे एकमेकांस शिवता कामा नयेत, ही या रचनेची अट. पापुद्र्यास तडा गेला आणि धातू धातूस भिडला, की तळीचा तळ फुटला. मग वीज तेथून थेट जमिनीकडे, म्हणजे बोर्डाच्या ऋण बाजूकडे, पळू लागते. यालाच ‘शॉर्ट’ म्हणतात. बोर्डावरचा अगदी नित्याचा मृत्यू हाच होय.

आता एका प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. पेडणे तालुक्यातील आमच्या एका विद्यार्थिनीच्या घरचा लॅपटॉप गेल्या वर्षी बंद पडला. तिची थोरली बहीण एम. ए. च्या शेवटच्या वर्षास होती. डिचोली आणि सत्तरी भागांतील रणमाल्यावर तिने प्रबंधिका लिहिली होती आणि ती सादर करावयास सोळा दिवस उरले होते. शहरातील एका दुरुस्ती-केंद्राने यंत्र दोन दिवस ठेवून घेतले आणि ‘बोर्ड गेला, नवा घाला, अठरा हजार’ असा निकाल दिला. अठरा हजारांची सोय कदाचित झालीही असती. खरी अडचण निराळीच होती, आणि ती पुष्कळांस ठाऊक नसते म्हणून येथे मुद्दाम सांगतो.

पूर्वी बोर्ड मेला तरी आतील डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली की लेखन परत मिळे. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये डिस्कवरील मजकूर कुलूपबंद केलेला असतो; विंडोजमध्ये त्या कुलपास बिटलॉकर म्हणतात. त्याची किल्ली बोर्डावरच्या एका सुरक्षित कोठडीत असते. बोर्ड बदलला की नव्या बोर्डाला ती किल्ली ठाऊक नसते. मग तो ४८ आकड्यांची दुसरी किल्ली मागतो. ती कोठे टिपून ठेवली आहे, असे या मुलीस विचारले तेव्हा, असले काही असते हेच तिला प्रथम कळले. म्हणजे नवा बोर्ड घातला असता तर लॅपटॉप जिवंत झाला असता आणि प्रबंधिका मात्र कायमची गेली असती. पंधरा म्हाताऱ्या माणसांकडून उतरवून घेतलेली गीते आणि मुलाखती त्यात होत्या, आणि त्यांतील दोघे यापूर्वीच निवर्तले होते. तेव्हा तोच बोर्ड दुरुस्त होणे आवश्यक होते.

डिचोलीस आमचा एक माजी विद्यार्थी हे काम करतो. शाळेत असताना निबंधाच्या वहीत तो चित्रे काढीत बसे. त्याचा हात किती स्थिर आहे हे आम्हांस तेव्हा कळले नाही एवढे खरे. म्हापसा-अस्नोड्याच्या वाटेने यंत्र घेऊन आम्ही त्याच्याकडे गेलो. आमचे संभाषण अर्थातच कोंकणीत झाले. येथे ते मराठीत देतो.

त्याने प्रथम काहीच उघडले नाही. विचारपूस केली. ‘‘बंद पडला तेव्हा वीज कडाडली होती काय? चहा-पाणी सांडले होते काय? पडला होता काय?’’ मुलीची आई म्हणाली, महिन्यापूर्वी खाटेवरून घसरला होता, पण त्यानंतर चांगला चालत होता. तो हसला आणि म्हणाला, ‘‘सर, डॉक्टर आधी नाडी पाहतो की आधी पोट फाडतो?’’

मग अ‍ॅडॉप्टर तपासला. १९ व्होल्ट येत होते. लॅपटॉपला जोडला तरी अ‍ॅडॉप्टरचा दिवा विझला नाही. परंतु यंत्रावरचा दिवा लागेना, बॅटरीवरही ते उठेना. मागील झाकण काढून त्याने सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडविली. हा नियम कधीही मोडू नये. अ‍ॅडॉप्टर काढला म्हणजे वीज गेली असे नव्हे. बॅटरी जोडलेली असेपर्यंत बोर्ड जिवंतच असतो, आणि एक स्क्रू भलत्या ठिकाणी पडला तरी नवा बिघाड होतो.

भिंगाखाली त्याने बोर्ड दोन्ही बाजूंनी न्याहाळला. कोठे काळा डाग, फुगवटा, हिरवा गंज, जळका वास आहे काय हे पाहिले. काही नव्हते. पुष्कळांची समजूत अशी असते की जळलेला भाग जळलेला दिसतोच. मॉसफेट कधीकधी दिसतो. त्याच्या पाठीवर पिनेच्या टोकाएवढे भोक पडते. धारित्र मात्र बहुधा अखेरपर्यंत निष्पाप चेहऱ्याने बसून राहते.

आता मल्टिमीटर. हे उपकरण शाळेच्या प्रयोगशाळेत आहे. नववी-दहावीच्या मुलांनी ते हाताळले आहे. त्याने रोध मोजण्याच्या खुणेवर काटा फिरविला आणि दोन्ही तारांची टोके एकमेकांस लावली. मीटरने ०.३ ओहम दाखविले. हा तारांचा स्वतःचा रोध. तो प्रत्येक मोजणीतून वजा करावयाचा. मग काळी तार बोर्डाच्या स्क्रूच्या भोकाला, म्हणजे जमिनीला लावली आणि लाल तार १९ व्होल्टच्या मुख्य पाटावर टेकविली. निरोगी बोर्डात येथे काही हजार ओहम, पुष्कळदा कितीतरी अधिक, रोध दिसतो. मीटरने ०.५ दाखविले. तारांचे ०.३ वजा केल्यास उरले ०.२. ओहमच्या नियमाने १९ भागिले ०.२ म्हणजे ९५ अँपियर! ३.४२ अँपियरचा अ‍ॅडॉप्टर एवढा प्रवाह कोठून आणणार? दारावरचा रखवालदार हे ओळखतो. पलीकडे बांध फुटलेला आहे असे दिसताच तो दार उघडीतच नाही, किंवा उघडून तत्काळ मिटतो. म्हणूनच अ‍ॅडॉप्टरचा दिवा शांतपणे लागलेला होता आणि यंत्र मात्र मेल्यासारखे पडले होते. रखवालदाराने आपले काम चोख केले म्हणून बाकीचा बोर्ड वाचला, असेही म्हणता येईल.

यानंतर त्याने एकेका कॉइलवर तार टेकवून लहान पाट तपासले. ५ व्होल्टचा ठीक, ३.३ व्होल्टचा ठीक. प्रोसेसरच्या कॉइलवर मीटरने दोन-अडीच ओहमच दाखविले. येथे नवशिका फसतो आणि प्रोसेसर मेला असे जाहीर करून मोकळा होतो. वास्तविक प्रोसेसर हे यंत्र एका व्होल्टाच्या आसपास पुष्कळ प्रवाह ओढणारे. त्याच्या पाटाचा रोध निरोगी स्थितीतही फार थोडा असतो. दुसऱ्या चांगल्या बोर्डाशी ताडून पाहिल्याशिवाय येथे निकाल देऊ नये. आणखी एक मोजणी त्याने केली: मुख्य पाट आणि प्रोसेसरची कॉइल यांच्यामध्ये. कारण त्यांच्यामधला मॉसफेट जर आरपार जळला असता, तर १ व्होल्ट खाणाऱ्या प्रोसेसरवर १९ व्होल्ट कोसळण्याचा धोका होता. तेथे शॉर्ट नव्हता. त्याने सुस्कारा सोडला. मुलीने तो पाहिला आणि तिनेही सोडला.

शॉर्ट मुख्य पाटावर आहे हे ठरले. परंतु पाटाला लागून पंचवीसेक धारित्रे आणि अनेक मॉसफेट. यांतला दोषी कोण? मॉसफेटची परीक्षा सोपी असते. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवून दोन टोकांवर तारा लावल्या की चांगला मॉसफेट एका दिशेने अर्ध्या व्होल्टाच्या आसपास आकडा देतो आणि तारा उलट केल्या की काहीच देत नाही. जळका दोन्ही दिशांनी शिटी वाजवितो. पण सारे भाग एकाच पाटावर समांतर जोडलेले असल्यामुळे एक फुटला तरी मीटरला सारेच फुटलेले दिसतात. खाजनाचा बांध एका ठिकाणी फुटला तरी पाणी साऱ्या शेतातून ओसरते. बांध कोठे फुटला हे शेताच्या मध्ये उभे राहून कळत नाही. पंचवीस धारित्रे एकेक उखडून पाहावी काय? काहीजण तसे करतातही. त्यात बोर्डाचे हाल होतात.

यावर जी युक्ती आहे ती आम्हांस फार आवडली. शाळेत आपण शिकतो की रोधातून प्रवाह गेला की उष्णता निर्माण होते. मग फुटलेल्या जागेतूनच सारा प्रवाह जाणार असेल तर तीच जागा तापली पाहिजे! त्याने दाब आणि प्रवाह हवा तसा बांधून देणारे एक यंत्र घेतले. त्यावर १ व्होल्ट व जास्तीत जास्त ३ अँपियर अशी मर्यादा घातली आणि त्याच्या तारा मुख्य पाटाला व जमिनीला जोडल्या. १९ व्होल्ट का नाहीत आणि १ च का, असे आम्ही विचारले. त्याचे उत्तर मुलांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे: १ व्होल्ट चुकून कोठल्याही पाटात शिरला, अगदी प्रोसेसरच्याही, तरी तो त्याला नेहमीच्याच मापाचा आहे, त्याने काही मरत नाही. शोध घेताना नवे नुकसान होता कामा नये.

यंत्राने दोन अँपियरच्या वर आकडा दाखविला. त्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशाने त्या भागावर पसरले. ओल्या बोर्डावर सर्वत्र चकाकी आली. आणि मग प्रोसेसरजवळ, कडेला, शेजारी शेजारी बसलेल्या चार धारित्रांपैकी दुसऱ्याभोवतीची चकाकी पाहता पाहता नाहीशी झाली. बाकीचा बोर्ड ओला आणि तो एक ठिपका कोरडा. पुन्हा लावले, पुन्हा तोच कोरडा. चोर सापडला. मोठ्या दुकानांत याच कामासाठी उष्णता दाखविणारा कॅमेरा असतो. तो महाग, आणि ब्रश वीस रुपयांचा. हा द्रव झटकन पेट घेतो, हे मात्र येथे लिहिलेच पाहिजे. तो पसरलेला असताना तापलेली सोल्डर-कांडी किंवा ज्योत जवळपास नसावी, खिडकी उघडी असावी.

दोन मिलिमीटर लांब व सव्वा मिलिमीटर रुंद असा तो तुकडा होता. चौघे भाऊ हुबेहूब सारखे. दुसऱ्याच्या अंगावर भिंगाखालीही काही दिसेना. खाटेवरून घसरताना बोर्ड किंचित वाकला असावा, आतल्या पापुद्र्याला केसाएवढा तडा गेला असावा आणि महिनाभराच्या तापण्या-निवण्याने, पावसाळी दमटपणाने तो रुंदावत गेला असावा, असा त्याचा अंदाज. लॅपटॉप एका हाताने, एका कोपऱ्याला धरून उचलण्याची पुष्कळांची सवय असते. त्यानेही बोर्ड असाच वाकतो.

आता बदलण्याचे काम. मुलांनी जुन्या कल्हईवाल्यास पाहिले नसेल, पण त्यांच्या आजीने नक्की पाहिले असेल. तांब्याचे भांडे तापवून, नवसागर टाकून घासल्याशिवाय कथील भांड्याला धरीत नसे; कारण धातूवरचा मळ गेल्याशिवाय धातू धातूला चिकटत नाही. नवसागराचे जे काम तेच येथे फ्लक्स नावाच्या मलमाचे. पुष्कळ फ्लक्समध्ये झाडाची राळ असते. कथिलाचे काम कथीलच करते. जुन्या सोल्डरमध्ये त्याच्या जोडीस शिसे असे आणि ते १८३ अंश सेल्सियसला वितळे. शिसे विषारी म्हणून युरोपने १ जुलै २००६ पासून इलेक्ट्रॉनिक वस्तूंत ते वापरण्यास मर्यादा घातली, आणि पाठोपाठ जगभरचे कारखाने बिनशिशाच्या सोल्डरकडे वळले. ते सुमारे २१७ अंशांस वितळते. दुरुस्तीवाल्यास हे ठाऊक असावे लागते, कारण बोर्ड बिनशिशाचा असून उष्णता जुन्या हिशेबाने दिली तर भाग सुटत नाही. मग नवशिका चिमट्याने ओढतो आणि भागाबरोबर खालचा तांब्याचा पत्राही उचलून येतो.

त्याने शेजारच्या प्लास्टिकच्या खोबणींवर उष्णतारोधक पिवळी पट्टी चिकटविली, बोर्ड खालून सावकाश कोमट केला, धारित्रावर फ्लक्सचा थेंब ठेवला आणि वरून गरम हवेचा झोत गोल गोल फिरवू लागला. घाई नव्हती. सोल्डर चमकू लागली की ती वितळली असे समजावयाचे. तुकडा चिमट्याने अलगद वर आला. लगेच मीटर लावला : सत्तेचाळीस हजार ओहम! बांध बुजला होता. आम्ही टाळी वाजविणार होतो. पण त्याने हातानेच थांबविले, कारण काम संपले नव्हते.

खरे पाहता पंचवीसांतील एक तळी नसली तरी बोर्ड बहुधा चालतो, आणि काही कारागीर तसाच सोडूनही देतात. आमच्या मते हे बरे नव्हे. ज्याने तळी तेथे ठेवली त्याने ती हिशेबाने ठेवली आहे. परंतु नवा भाग कोणत्या मापाचा? रोधकाच्या पाठीवर आकडे असतात. १०३ म्हणजे १० पुढे तीन शून्ये, अर्थात १०,००० ओहम. धारित्राच्या पाठीवर काहीच नसते. त्याचे माप बोर्डाच्या नकाशात सापडते. बोर्डावर प्रत्येक भागाजवळ बारीक अक्षरे छापलेली असतात: सी म्हणजे कपॅसिटर, आर म्हणजे रोधक, एल म्हणजे कॉइल, क्यू म्हणजे ट्रान्झिस्टर, यू म्हणजे चिप, पुष्कळ बोर्डांवर वीजपुरवठ्याच्या भागांच्या आरंभी पी हे अक्षर जोडलेले असते. अक्षर व क्रमांक नकाशात शोधला की माप मिळते. येथे ते १० मायक्रोफॅरड व २५ व्होल्ट असे निघाले. २५ च्या ऐवजी १६ व्होल्टचा भाग १९ व्होल्टच्या पाटावर बसविणे म्हणजे आठ दिवसांनी पुन्हा त्याच दुकानात येणे. व्होल्ट अधिक चालतील, कमी चालणार नाहीत.

त्याने आपल्या डब्यातून त्याच जातीचा एक मेलेला बोर्ड काढला, त्यावरील त्याच जागचा धारित्र उतरविला, मीटरवर मोजला आणि जुन्या जागी बसविला. त्याआधी जागेवरचे जुने सोल्डर तांब्याच्या विणलेल्या पट्टीने टिपून घेऊन थोडे नवे दिले होते. धारित्र या जातीचा असला की उलटसुलट बसला तरी चालतो. मॉसफेटचे तसे नाही. त्याच्या एका कोपऱ्यावर ठिपका असतो, तो जुन्याच्याच दिशेला आला पाहिजे.

फ्लक्स पुसून, बोर्ड सुकवून त्याने पुन्हा रोध मोजला. ठीक. मग अ‍ॅडॉप्टर नव्हे, तर तेच मर्यादा बांधणारे यंत्र १९ व्होल्टवर लावले. प्रवाह ०.०२ अँपियर : झोपेतला श्वास. बटण दाबले. आकडा चढला, उतरला, पुन्हा चढला, पंखा फिरला, पडदा उजळला. बिटलॉकरने काही विचारले नाही, कारण बोर्ड तोच, किल्ली तीच. प्रबंधिका होती तेथेच होती. मुलीने आधी तिची नक्कल पेनड्राइव्हवर घेतली, मग ४८ आकडे वहीत उतरून घेतले आणि मगच डोळे पुसले. मजुरी आठशे रुपये झाली. भागाची किंमत त्याने लावली नाही, ती दोन-चार रुपयांची होती.

प्रत्येक वेळी शेवट असा होतो असे नव्हे. प्रोसेसरच आतून गेला असेल, बोर्डाच्या आतल्या थरांत गंज शिरला असेल, तर दुरुस्ती परवडत नाही. आमच्या भागात गंजाचे कारण उघड आहे. मोरजी-हरमलच्या बाजूस समुद्राची खारी हवा, जूनपासून चार महिने भिंतींनाही घाम फुटेल असा दमटपणा. आणि डिचोलीच्या खाणपट्ट्यात वर्षानुवर्षे उडालेली तांबडी धूळ, जी पंख्याच्या जाळीत बसून ओल धरते आणि वारा अडविते. वळवाच्या व परतीच्या पावसातील विजांचा तडाखा निराळा. मे आणि ऑक्टोबरात ढग गडगडू लागले की अ‍ॅडॉप्टर भिंतीतून काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. चहा सांडला तर यंत्र चालू करून ‘चालतो काय’ हे पाहण्याचा मोह आवरावा. पाण्याने बोर्ड मरत नाही, पाण्यातून वाहणाऱ्या विजेने मरतो.

बोर्डाचे नकाशे कंपन्या सहसा देत नाहीत, ही कारागिरांची मोठी तक्रार आहे आणि ती आम्हांस रास्त वाटते. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास एक समिती नेमली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस त्यासंबंधीचे एक संकेतस्थळही उघडले. गोव्याला हे क्षेत्र परके नाही. वेर्णे येथे स्मार्टलिंक या कंपनीने ‘डिजिलाइट’ नावाचे मदरबोर्ड बनविले होते, आणि केंद्राच्या २०१२ च्या योजनेखाली आपल्याच पेडणे तालुक्यातील तुये गावी इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या उत्पादनाची वसाहत आखण्यात आली. बोर्ड बनविणारे हात येथे तयार होऊ शकतात, तर दुरुस्त करणारे का नाहीत, हा प्रश्न पालकांनी आय. टी. आय. चा अर्ज भरताना मनात आणण्यास हरकत नाही.

ज्या विद्यार्थ्यांस हात घालून पाहावयाचा आहे त्यांनी घरच्या चालत्या यंत्रापासून आरंभ करू नये. अ‍ॅडॉप्टर कधीही फोडू नये. त्यात २३० व्होल्टचा भाग आहे आणि त्याची तळी वीज काढल्यावरही भरलेली राहते. फुगलेल्या बॅटरीस टोचू नये. शिशाचे सोल्डर हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय खाऊ नये. त्या माजी विद्यार्थ्याने शाळेस तीन मेलेले बोर्ड दिले आहेत. ते विज्ञान-कक्षात, खिडकीजवळच्या कपाटात, भिंग व मल्टिमीटर यांच्यासह ठेवले आहेत. त्यांतील एकाच्या मुख्य पाटावर शॉर्ट आहे. दुसऱ्यावर मॉसफेट जळला आहे. तिसऱ्याला काय झाले आहे ते त्याने सांगितलेले नाही.